अरुंद रस्त्याची कैफियत

परवा आमच्या अंत्रुज महालातील एका गावी रस्तारुंदीकरणाच्या कामाचा नारळ फुटला. गावाचे नाव सांगत नाही, कारण फोंडा, डिचोली वा पेडणे तालुक्यातील कोणतेही गाव घ्या, तेथे असा एखादा नारळ फुटलेला तरी आहे किंवा फुटायचा तरी आहे. मांडव होता, हार होते, ध्वनिक्षेपक होता. भाषणांतून ‘विकास’ हा शब्द किती वेळा आला याची गणती मी प्रारंभी ठेवली होती. पुढे बोटे अपुरी पडल्याने ती सोडून दिली. माझे लक्ष होते ते रस्त्याकडे. सायकल गडग्याला टेकवून मी त्याच्याकडे पाहत उभा होतो. जेमतेम पावणेचार मीटरांचे डांबर, दोन्ही बाजूंस शेवाळलेले चिऱ्यांचे गडगे, वर एकमेकांत गुंतलेल्या फांद्या आणि पुढे आंब्याच्या बुंध्याला वळसा घालून दिसेनासे होणारे वळण. सभा संपली, मंडळी चहाला वळली, आणि त्या आंब्याच्या खोडावर चुन्याने रंगवलेला आकडा तेवढा मागे उरला. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना झाडावरच्या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपल्या डोंगराळ गावांतून जाणारा हा अरुंद, वळणावळणाचा रस्ता म्हणजे अपुरा राहून गेलेला हमरस्ता, ही समजूतच मुळात चुकीची आहे. ते पूर्ण झालेले काम आहे. त्याची डागडुजी करावी, खड्डे बुजवावेत, गटारे साफ ठेवावीत. त्याची रुंदी मात्र आहे तेवढीच राहू द्यावी.

हे म्हणण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला कितपत आहे, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच ठरेल. शासकीय सेवेत माझी तीसहून अधिक वर्षे गेली आणि त्यांतील काही भूसंपादनाच्या फाइली पुढे सरकवण्यात गेली. 1894 च्या कायद्याच्या कलम 4 ची अधिसूचना, मग 5-अ खाली हरकतींची सुनावणी, मग कलम 6 ची घोषणा, हा क्रम मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. नव्वदीच्या दशकातील एका सुनावणीत हरकतदारांमध्ये एक वृद्धा होती. भरपाईच्या दराविषयी तिची तक्रार नव्हती. घरापुढचा गडगा जाणार, त्याला लागून असलेला फणस जाणार आणि रस्त्याचे वळण सरळ होणार, एवढे तिला कोणीतरी समजावून सांगितले होते. तिने मला विचारले, ‘सायबा, इतली घाय कोणाक आसा?’

मी काय केले? हरकतीत तथ्य नाही, काम सार्वजनिक हिताचे आहे, असा शेरा लिहून फाइल वर पाठवली. तिचा प्रश्न नोंदवायला आमच्या नमुन्यात रकानाच नव्हता.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रक्तातील साखर पाहून रोज तासभर व्यायाम सांगितला, गुडघ्यांनी चालण्यास नकार दिला, आणि मी सुमारे चाळीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसलो. एके सकाळी त्याच घरावरून गेलो. घर आहे, माणसे दुसरी आहेत. वळण गेले, फणस गेला, रस्ता दोनपदरी झाला. आणि घरासमोरच्या शंभर-दीडशे मीटरांत आता तीन गतिरोधक आहेत! सरळ झालेल्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जाऊ लागल्या, मुले-गुरे सापडू लागली, गावकऱ्यांनी अर्ज केले, आणि जे काम एक वळण कोणताही खर्च न करविता इतकी वर्षे करीत होते, ते करण्यासाठी सार्वजनिक पैशातून तीन उंचवटे बांधले गेले. म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तीन उंचवट्यांवरून हादरे खात जाताना मिळाले.

या नव्या सवयीमुळे आपला मुलूख मी उतारवयात पहिल्यांदाच नीट पाहिला, हेही कबूल केले पाहिजे. नोकरीत असताना तो जीपच्या काचेतून आणि नकाशावरच्या सर्व्हे क्रमांकांतून पाहिला होता. फोंड्याहून सायकलने निघणाऱ्याला महामार्ग टाळणे ही पहिली विद्या शिकावी लागते. फर्मागुडीवरून मंगेशीकडे उतरणारा रस्ता आता सायकलीचा राहिलेला नाही. तेथे जीव मुठीत धरून कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून जावे लागते. मात्र कवळे, रामनाथी, बांदोडे ही गावे आतल्या रस्त्यांनी एकमेकांना अजून जोडलेली आहेत. शांतादुर्गा, रामनाथ, नागेश, महालक्ष्मी एवढी दर्शने सकाळच्या एका फेरीत होतात. सोळाव्या शतकात केळशीहून शांतादुर्गा, लोटलीहून रामनाथ, कुठ्ठाळीहून मंगेश आणि वेर्ण्याहून म्हाळसा नदी ओलांडून या डोंगरांच्या कुशीत आली, तेव्हा अर्थातच हा भाग पोर्तुगीज अमलाबाहेर होता हे मुख्य कारण. तरीही वाटेने जाताना माझ्या मनात येते की, जेथे सहजासहजी कोणी घोडदौड करीत येऊ शकणार नाही अशीच जागा आपल्या पूर्वजांनी देवांसाठी शोधली. आडवळण हा तेव्हा दोष नव्हता, तो आसरा होता.

दुसरी फेरी अधिक मोठी. म्हार्दोळहून वेलिंगकडे वळले की पाच मिनिटांत महामार्गाचा आवाज मागे पडतो. मग केरी, मग सावईवेरे. येथील चढणींवर मी सायकलवरून उतरून ती ढकलत नेतो. त्याची लाज वाटून घेऊ नये, असे माझे समवयस्कांना सांगणे आहे. सावईवेऱ्याची कुळागरे म्हणजे उंच पोफळी, त्यांना बिलगलेल्या मिरवेली, खाली केळी, त्याखाली अननस आणि या सगळ्यांमधून पाटाने खेळवलेले पाणी. त्या पाण्याचा आवाज गाडीत बसलेल्याला ऐकू येत नाही. अनंताचे देऊळ मागे टाकून पुढे वळवईच्या धक्क्यावर आले की मांडवी, आणि फेरीबोटीने पलीकडे सुर्ल, म्हणजे डिचोली तालुका. तेथून कुडण्याला जैन मंदिराचे भग्नावशेष आहेत, पुढे साखळी, आणि साखळीपासून हाकेच्या अंतरावर हरवळ्याची दगडात कोरलेली लेणी. ज्याच्या पायांत अजून बळ असेल त्याने नार्व्याला सप्तकोटेश्वरापर्यंत जावे. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला, हे आपण प्रत्येक व्याख्यानात सांगतो. पण महाराजांचे नाव घेणाऱ्यांपैकी कितीजण त्या गावात गाडीच्या काचा खाली करून शिरले असतील?

पर्यटनाच्या परिभाषेत या सर्व भूभागाला आजकाल ‘हिंटरलँड’ म्हणतात. म्हणजे मागचा मुलूख. कशाच्या मागचा? तर समुद्रकिनाऱ्याच्या. देवळे, लेणी, कुळागरे, भजनाची परंपरा, नाट्यवेड हे सारे ज्याच्यापाशी आहे तो प्रदेश एका वाळूच्या पट्ट्याची मागची बाजू ठरला, आणि आम्ही तो शब्द अभिमानाने निमंत्रणपत्रिकांवर छापू लागलो. असो.

रस्ता रुंद झाल्याने बिघडते काय, असे विचारणाऱ्यांना वाटते की आमची तक्रार चार झाडांपुरती आणि थोड्याशा काव्यापुरती आहे. माझी मुख्य तक्रार निराळी आहे, आणि ती मी ज्या टेबलावर बसलो त्या टेबलावरून शिकलो. बांधकामाच्या नियमांत एखाद्या जमिनीवर काय आणि किती उभारता येईल, याचा एक निकष तेथे पोहोचणाऱ्या रस्त्याची रुंदी हा असतो. अरुंद रस्त्याच्या टोकाला असलेल्या कुळागराला खरेदीदार थोडे. तोच रस्ता दोनपदरी झाला की त्याच कुळागराचे भूखंड होतात, त्यांवर इमारती होतात, आणि त्या इमारतींच्या गाड्यांना रस्ता अपुरा पडतो म्हणून पुन्हा रुंदीकरणाचा प्रस्ताव येतो. ग्रामस्थाला वाटते, आपल्या सोयीसाठी रस्ता वाढला. सोय कोणाची झाली हे पाहायचे असेल तर पाच वर्षांनी निबंधक कार्यालयातील खरेदीखते चाळावीत. 2023 मध्ये नगरनियोजनाच्या कायद्यात 17(2) हे कलम आले, त्याने एकेका भूखंडाचा झोन बदलण्याचा मार्ग मोकळा झाला आणि तो वाद न्यायालयात गेला. त्यावर लेख झाले, मोर्चे झाले. परंतु झोन बदलण्याआधी रस्ता बदलतो, आणि रस्त्याच्या नारळाला आपण टाळ्या वाजवतो, याकडे कोणाचे लक्ष नाही.

पेडण्याचे उदाहरण ताजे आहे. मोपच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर 2022 मध्ये झाले, पुढच्या महिन्यापासून विमाने उतरू लागली आणि 2024 मध्ये धारगळहून तेथपर्यंत सहापदरी रस्ता झाला. विमानतळ हवा की नको हा वाद आता उगाळण्यात अर्थ नाही, तो झाला. विमानतळाला सहापदरी रस्ता लागतो हेही मान्य. पण म्हणून चांदेल, इब्रामपूर, हणखणे यांना जोडणारे रस्ते, हळर्णच्या जुन्या किल्ल्याकडे जाणारी वाट, यांनीही त्याच मापाचे कपडे शिवून घ्यावेत काय? हत्तीसाठी दरवाजा उंच केला म्हणून घरातली न्हाणीघरेही पाडायची नसतात.

येथे डिचोलीकर वाचक मला थांबवतील, आणि त्यांचे थांबवणे योग्य आहे. त्यांनी खनिजाच्या ट्रकांची वर्षे पाहिली आहेत. रस्त्याकाठच्या झाडांची पाने तांबडी, आंगणातली तुळस तांबडी, शाळकरी मुलांचे गणवेष तांबडे, आणि सायकल घेऊन रस्त्यावर उतरण्याचे धाडस कोणी करू नये अशी ट्रकांची अखंड रांग. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद पडल्या. त्या मधल्या काळात सुर्ल-साखळीकडचे रस्ते इतके निवांत झाले की रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपत. परंतु त्या निवांतपणाचे गुणगान मी करणार नाही. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या दारात ते गंजत उभे होते. ती शांतता उपाशी घराची होती. आता लिलावानंतर 2024 पासून डिचोलीच्या पट्ट्यातून खनिज पुन्हा निघू लागले आहे. खनिजाला स्वतःचा रस्ता द्यावा आणि गावाचा रस्ता गावाला ठेवावा, एवढी साधी विभागणी आपल्याला इतक्या दशकांत करता आली नाही, कारण गावाच्या रस्त्यालाही काही काम आहे हे कोणी मानलेच नाही.

आता नेहमीच्या हरकती. पहिली रुग्णवाहिकेची. हे अस्त्र सर्वांत धारदार, कारण त्यापुढे बोलणारा निर्दय ठरतो. माझा अनुभव असा की, गावच्या रस्त्यावर रुग्णवाहिका अडते ती रस्त्याच्या रुंदीमुळे क्वचितच. बहुतेक वेळा ती अडते आपण गडग्याला चिकटून उभ्या केलेल्या गाड्यांमुळे. त्या आवारात घ्याव्यात. ठरावीक अंतरावर दोन वाहनांना एकमेकांना बाजू देता येईल अशा चार जागा कराव्यात. त्यासाठी सबंध रस्त्याची कातडी सोलण्याचे कारण नाही. दुसरी हरकत बसची. या रस्त्यांवरून कदंबच्या आणि खाजगी बसगाड्या वर्षानुवर्षे गेल्या आहेत, चालकाने वळणावर भोंगा वाजवला आहे आणि समोरच्याने मागे घेतले आहे. तिसरी हरकत सुरक्षिततेची, आणि तिचे उत्तर त्या तीन गतिरोधकांनी दिले आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला जगातील देशांच्या मंत्र्यांची रस्ता सुरक्षेवर परिषद झाली. भारतही तेथे उपस्थित होता. जेथे पादचारी, सायकलस्वार आणि मोटारी एकाच रस्त्यावर मिसळतात तेथे वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर असावी, असे तेथील जाहीरनाम्यात म्हटले आहे. आमचे जुने रस्ते ही मर्यादा फलक न लावता पाळून घेत होते.

चौथी हरकत जरा मजेची आहे. सायकलसाठी आम्ही वेगळी पट्टी देऊ, असे सांगितले जाते. रुंद रस्त्याच्या कडेला तांबडा रंग फासला की सायकलस्वारांचे कल्याण झाले! ज्यांना या प्रयोगाचे भवितव्य पाहायचे असेल त्यांनी पुण्यास जाऊन यावे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात सायकल नाहीशी होऊ लागल्यावर सायकलमार्ग झाले, आणि त्यांवर आज भाजीच्या हातगाड्या, स्कूटरी व विजेचे डबे सुखाने नांदत आहेत. तीच गत आपल्याकडील स्पर्धांची. 2019 मध्ये पणजीला आयर्नमॅन नावाची स्पर्धा आली. त्यात 90 किलोमीटर सायकल चालवावी लागते. त्या सकाळी रस्ते अडवून ठेवले जातात. खेळाडूंच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण वर्षातून एका सकाळी सायकलसाठी रस्ता मोकळा करणाऱ्या व्यवस्थेने उरलेल्या दिवशी पदेराचा विचार केला आहे काय? पहाटे पावाची टोपली मागे बांधून, भोंगा वाजवत, दिवा नसलेल्या सायकलवर जो घरोघर जातो, तो आमच्या राज्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत नियमित सायकलस्वार आहे. त्याला पदक नको, फक्त मागून येणाऱ्या गाडीने हळू यावे. आणि रविवारी मोटारीच्या पाठीला महागड्या सायकली लटकावून शहरातून येणारी जी तरुण मंडळी ‘रस्ते गुळगुळीत व रुंद करा’ अशी मागणी करतात, त्यांनी आपण नेमके काय पाहायला आलो आहोत, याचा चढणीवर दम खाताना विचार करावा.

हे सारे कायद्याने जमण्यासारखे आहे, म्हणूनच मी लिहिण्यास बसलो. जर्सी नावाचे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे एक छोटे बेट आहे, आपल्या फोंडा तालुक्याहूनही लहान. तेथे 1994 पासून ‘हिरव्या गल्ल्या’ घोषित होऊ लागल्या. गावांमधले जुने अरुंद रस्ते तसेच ठेवले, त्यांवर वेगमर्यादा ताशी 15 मैल, म्हणजे सुमारे 24 किलोमीटर, आणि चालणारे, सायकलवाले व घोडेस्वार यांना अग्रक्रम. मोटार बंद नाही. ती पाहुण्यासारखी येते. आपल्याकडे यासाठी नवा कायदाही नको. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 112 वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार देते आणि कलम 115 रस्त्याचे स्वरूप पाहून अवजड वा अन्य वाहनांवर निर्बंध घालण्याचा. एक अधिसूचना, काही फलक, आणि रुंदीकरणाच्या प्रस्तावावर ‘आवश्यकता नाही’ असा शेरा. तो शेरा लिहिण्यास जी शाई लागते ती मी तीस वर्षांत एकदाही वापरली नाही, हे माझे शल्य आहे.

शेवटी आपल्या घरच्यांविषयी. या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांची घराणी पिढ्यान् पिढ्या या गावांतून नांदली. मराठी शाळा, भजनी मंडळे, देवळापुढची नाटके यांचा वारसा आपण सांगतो. आपल्या काव्यवाचनांत पाऊलवाट किती वेळा येते! आणि तोच कवी दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन मोठी गाडी थेट आंगणात यावी म्हणून रस्ता रुंद करण्याच्या अर्जावर सही करतो. मीही केली आहे. मुलाची गाडी चतुर्थीला वळणावर अडली म्हणून. ती सही मी गेल्या महिन्यात लेखी मागे घेतली, तेव्हा घरी दोन दिवस अबोला होता. मुलाचे म्हणणे, ‘बाबा, तुम्ही सायकल चालवता म्हणून सगळ्यांनी चालवायची का?’ मी म्हटले, ‘सगळ्यांनी चालवू नये. पण ज्याला चालवायची असेल त्याने मरू नये.’

आमच्या ग्रामसभेच्या पुढील बैठकीसाठी मी एक ठराव दिला आहे. गावातील देवळापासून नदीच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता आहे त्या रुंदीत राहावा, त्यावर ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असावी, अवजड वाहनांना बंदी असावी आणि कडेची झाडे मोजून त्यांची नोंद पंचायतीच्या दप्तरी व्हावी. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. पदेराला विचारले, तर तो हसून म्हणाला की त्याचे मत गावात नाही, घर दुसऱ्या तालुक्यात आहे. बैठक रविवारी सकाळी साडेदहाला आहे.